न मिटणारे डोळे आणि सात पिढ्यांची झोप

श्रोतेहो, आधी मला एक सांगा. परमुलूख आहे, तुमची गाडी मालाने भरलेली आहे, आणि वाटेत दोन माणसे भेटली. एकाची नजर तुमच्यावरून क्षणभर ढळत नाही. दुसरा बोलता बोलता झाडाला टेकला आणि डुलक्या घेऊ लागला. गाडी कोणावर सोपवून पाणी प्यायला जाल?

बहुतेक लोक पहिल्याकडे बोट दाखवतात. तरुणपणी मीही दाखवले होते आणि जिऱ्याची चार पोती घालवून बसलो होतो. शाळेचे तोंड मी पाहिले नाही, जे शिकलो ते असेच शिकलो. तेव्हापासून न ढळणारी नजर दिसली की मी आधी विचारतो, बाबा, तुला झोप कधीपासून येत नाही? हा प्रश्न मला ज्या गोष्टीने शिकवला ती आज तुम्हाला सांगतो.

एका राज्यात राजाची पापणी लवत नसे. एका राजाची नव्हे, सात पिढ्यांतल्या एकाही राजाची नाही. सातव्या वाढदिवशी त्यांच्या पापण्यांचा दगड होई आणि डोळे सताड उघडे राहत, ते शेवटच्या श्वासापर्यंत. परदेशचे वकील दरबारात येत आणि त्या नजरेपुढे तहाची कलमे राजाला हवी तशी लिहून देऊन परत जात. सिंहासनाच्या उजव्या हाताला एक हुजऱ्या चांदीची झारी घेऊन उभा असे. बुबुळे सुकू नयेत म्हणून तो घटकेघटकेला राजाच्या डोळ्यांत गुलाबपाणी शिंपडी. एवढी अडचण सोडली तर आमच्या राजासारखा राजा नाही, असे प्रजा अभिमानाने सांगे.

हे झाले कसे, ते ऐका. त्या वंशाचा मूळपुरुष वज्रबाहू. एके दुपारी तो जेवून किल्ल्यावर झोपला असता शत्रूने दरवाजा घेतला. पुढे त्याने किल्ला परत जिंकला, पण मनातली लाज काही गेली नाही. डोंगरापलीकडे तंद्रक नावाचा मायावी राहत असे. वज्रबाहूने त्याला गाठले आणि मागणे घातले, की माझ्या वंशात कधीही न झोपणारे राजे निपजोत.

तंद्रक म्हणाला, "याला मंत्र लागत नाही. रीत लागते."

आणि त्याने रीत सांगितली. वारसाला चाळिसाव्या दिवशी आईपासून काढावे आणि धात्रीमहालात, म्हणजे दायांच्या महालात, ठेवावे. दर पौर्णिमेला दाई बदलावी. जाणाऱ्या दाईने निरोप घेऊ नये. मूल झोपले की हळूच उठून जावे. मूल जागे होईल तेव्हा पुढ्यात दुसराच चेहरा असावा. तीन वर्षांत ते मूल झोपणे सोडील, सात वर्षांत पापणीचा दगड होईल. त्याची जी झोप उरेल ती माझी, एवढाच माझा मोबदला.

वज्रबाहूला सौदा पसंत पडला. द्यायचे होते ते त्याला स्वतःला द्यायचे नव्हते, नातवंडा-पतवंडांना द्यायचे होते.

तेव्हापासून असे होत आले. धात्रीमहालातले तान्हे मूल दचकून जागे होई, ओळखीचा चेहरा शोधी, तो सापडत नसे, आणि त्या क्षणी त्याच्या झोपेचा एक पुंजका सुटून निघे. सावरीच्या कापसासारखा तो वाऱ्यावर तरंगत डोंगर ओलांडी आणि तंद्रकाच्या काळ्या रांजणात जाऊन पडे. तंद्रक त्या रांजणाला टेकून झोपे. दोनशे वर्षे उलटली तरी त्याच्या गालांवर बाळाची लाली होती.

आता सातवा राजा अरिमर्दन. त्याची राणी कुमुदा डोंगराकडची. तिच्या माहेरी बाळंतीण आपले मूल फडक्याने पाठीशी बांधते आणि ते स्वतःहून खाली उतरू पाहील तेव्हाच सोडते. अशा मुलखातून आलेल्या बाईला मुलगी झाली. नाव ठेवले वल्लरी. चाळिसाव्या दिवशी थोरली दाई सगुणा सोन्याचे तबक घेऊन आली, मूल तबकात घालून घेऊन गेली, आणि राणीच्या चोळीला पुढे कित्येक महिने दुधाचे डाग पडत राहिले. वर्षातून दोन सणांना तिने सज्जात उभे राहून दुरून लेक पाहावी, असा नियम होता.

सगुणा वाईट बाई नव्हती, हे लक्षात ठेवा. राजालाही तान्हेपणी तिने एक महिना सांभाळले होते. रीत म्हणजे रीत, असे ती म्हणे, आणि पौर्णिमेला पायांतली जोडवी वाजू नयेत म्हणून ती काढून हातात धरून बाहेर पडे.

वल्लरी सहा वर्षांची झाली तेव्हा तिला पहिल्यांदा दरबारात आणले. पायरीवर तिचा पाय घसरला, गुडघा फुटला. तिने रक्ताकडे पाहिले, परकराच्या काठाने पुसले आणि राजाला वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. सगळा दरबार वाहवा करू लागला. कोणी तिचे बोट धरले की ती त्याच्याबरोबर चालू लागे, सोडले की उभी राही. एवढे शहाणे मूल पाहिले नाही, असे जो तो म्हणाला.

इथे मला एक शिंगरू आठवते. घोडेबाजारात मी ते घेतले होते. कोणीही दोर धरावा, ते मागे यावे. विकणारा म्हणाला, गरीब आहे हो, अगदी गरीब. घरी आणले तर ते दिवसभर गोठ्याचा खांब चघळत बसे. शेजारच्या म्हाताऱ्याने पाहून सांगितले, याला घोडीपासून फार लवकर तोडलेले दिसते. हे गरीब नाही, याने मागणे सोडले आहे.

कुमुदेने ते दरबारातच ओळखले. ती सिंहासनावरून उतरली आणि लेकीसमोर गुडघे टेकून बसली. वल्लरीने तिला नीट न्याहाळले आणि आदबीने विचारले, "आपण नव्या का?"

राणी शब्द जुळवू लागली. तेव्हा अडलेल्याला मदत करावी तसे मुलीने पुढे विचारले, "किती दिवसांच्या?"

त्याच दिवशी कुमुदा राजापुढे उभी राहिली. म्हणाली, माझी लेक मला द्या. तीन वर्षे ती झोपलेली नाही. राजा म्हणाला, "मीही झोपलो नाही. मला काही झाले का?" हुजऱ्याने झारी उचलून गुलाबपाणी शिंपडले. ते राजाच्या दोन्ही गालांवरून ओघळले, आणि ते गुलाबपाणीच होते.

तरी राजाने तिला मुदत दिली. सातव्या वाढदिवसाच्या मध्यान्हीपर्यंत मूल तुझ्याजवळ राहील, त्यानंतर रिवाजाप्रमाणे माझ्या शेजारच्या आसनावर बसेल. मध्यान्हीला पापण्यांचा दगड होई, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे राणीच्या हाती एक वर्ष आले.

कुमुदा डोंगराची लेक. बसून राहणे तिला माहीत नव्हते. झोप तंद्रकाच्या रांजणात आहे ना, मग ती तिथून आणली पाहिजे, असा तिने सरळ विचार केला. सगुणेने समजावले की सांगून निघू नका, राणीसाहेब, मूल घोर लावून घेते. वल्लरी हौदातले मासे पाहत होती तेवढ्यात राणी मागच्या दाराने बाहेर पडली.

तंद्रक रांजणाला टेकून घोरत होता. तिसऱ्या हाकेला त्याने एक डोळा उघडला. राणीचे बोलणे ऐकून घेतले आणि जांभई देत म्हणाला, की झोप परत देईन, पण तीन वस्तू हव्यात: वाघिणीच्या मिशीचा केस, पाताळतळ्याच्या तळाचा निळा शंख, आणि धनेश पक्ष्याच्या मादीने आपल्या ढोलीच्या दाराला लिंपलेली माती.

कुमुदेने वाघिणीच्या गुहेबाहेर नऊ दिवस बसून तिच्या पायातला काटा काढला आणि केस आणला. एकवीस दिवसांनी घरी परतली, धावत लेकीकडे गेली. वल्लरी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आपण नव्या का?"

राणीला वाटले, शंख आणला की सगळे ठीक होईल. मुलगी स्नानाला गेलेली पाहून ती पुन्हा निघाली. पाताळतळ्यात सात श्वास रोखून बुडी मारली, शंख आणला. या खेपेला दोन महिने लागले. परत येऊन पाहते तो मुलीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत राखाडी खडे धरले होते. या वेळी तिने काहीच विचारले नाही.

आता उरली माती. राणी तिसऱ्यांदा चोरपावलांनी निघाली आणि आठ दिवसांनी घनदाट रानातल्या बेहड्याच्या जुन्या झाडापाशी पोचली. उंचावर ढोली होती आणि ढोलीचे दार मातीने लिंपून बंद केलेले. फक्त चोच मावेल एवढी फट उघडी. धनेशाची मादी अशीच अंड्यांवर बसते. स्वतःला आत कोंडून घेते, पिसे झाडून टाकते, आणि नर बाहेरून फळे आणून त्या फटीतून भरवतो. राणी झाडावर चढली आणि तिने मातीला नख लावले. फटीतून भलीमोठी पिवळी चोच बाहेर आली आणि तिच्या बोटावर ठणकन बसली.

"दार का खरवडतेस, बाई?" आतून धनेशी बोलली.

राणीने सगळी हकिगत सांगितली. केस सांगितला, शंख सांगितला. आपल्या पराक्रमाचे थोडे कौतुक होईल असेही तिच्या मनात असावे. धनेशीने सगळे ऐकले. मग विचारले, "तुझे पिल्लू आत्ता कोणापाशी आहे?"

"दाईपाशी."

"जाताना त्याला काय सांगितलेस?"

राणीने मातीवरचे नख काढून घेतले.

"मग रांजण तूच भरते आहेस," धनेशी म्हणाली.

तिने समजावून सांगितले ते असे. तंद्रकाकडे आजवर तीन राण्या आल्या. तिघींना त्याने अशीच लांबची कामे लावली. शूर बाया होत्या, गेल्या, सगळे आणले. आणि त्या जेवढ्या वेळा न सांगता गेल्या तेवढे पुंजके रांजणात पडले. तो काही चोरत नाही. लोक स्वतः नेऊन टाकतात.

राणी खालच्या फांदीवर बसली आणि खूप रडली. तेवढ्यात नर चोचीत उंबरे घेऊन आला. त्याने बायकोला भरवले, रडणाऱ्या पाहुणीला पाहिले, आणि एक उंबर तिच्याही ओच्यात टाकले. मग धनेशीने फटीतून तीन कामे सांगितली.

"पहिले काम. सांगून उंबरठ्यापलीकडे जा आणि सांगितलेल्या वेळी परत ये. दुसरे काम. सांगून नदीपर्यंत जा आणि सांगितलेल्या वेळी परत ये. तिसरे काम. एक सूर्य मावळू दे, एक उगवू दे, आणि सांगितलेल्या वेळी परत ये."

राणीने डोळे पुसून विचारले, की एवढेच?

"वाघीण सोपी होती," धनेशी म्हणाली. "आणखी एक. ती रडली तर गप्प करू नकोस. मारायला धावली तर पळू नकोस."

कुमुदा घरी आली. तिने दरबारी ज्योतिषाकडचे घटिकापात्र मागून घेतले. तांब्याची लहान वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि घटकाभराने बुडते. तिने ते वल्लरीसमोर ठेवले आणि सांगितले, की मी दाराबाहेर जाते, ही वाटी बुडण्याआधी येते. मग ती दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि वाटी बुडण्याआधी आत आली.

वल्लरी वाटीकडे पाहत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. दिवसातून दोनदा, चारदा. सगळ्या राजवाड्याला हसायला विषय मिळाला. सेनापती बायकोला म्हणाला, मी मुदपाकखान्यात जातो, वाटी सोड. सगुणा तर उघड टोमणे मारी, की वाघिणीकडे जाऊन आलेल्या बाईला आता दाराची भीती वाटू लागली वाटते.  राणी सांगून जाई, सांगितल्यासारखी येई. चाळिसाव्या दिवशी ती आत आली तेव्हा तिला दिसले, की पाण्याचे घंगाळ जागेवर नाही. मुलीने ते ढकलत ढकलत दाराजवळ नेले होते. वाटी आणि दार एकाच नजरेत यावे, एवढे जवळ.

राणीने त्यावर एक शब्द काढला नाही. माल बरा दिसला तर गिऱ्हाइकापुढे नाचू नये, हे शहाण्या माणसाला कळते. पण आतून ती फार हलकी झाली.

मग दुसरे काम. तीन वाट्या बुडेपर्यंत नदीवर जाऊन येते, असे सांगून ती जाई आणि येई. दोन महिने असे चालले. मुलगी आता ती परतली की जवळ येऊन तिच्या पदराला लागलेला नदीचा वास घेई आणि परत आपल्या जागी जाऊन बसे.

आणि मग एके दिवशी व्हायचे ते झाले. पलीकडच्या काठावर नाव अडली, नावाड्याचे वल्हे मोडले, आणि राणीला दोन घटका उशीर झाला. ती जीव तोडून धावत आली. दारातच सगुणेने तिचा हात धरला आणि कानात सांगितले, की घाबरू नका, मी सगळे सांभाळले आहे. तिसरी वाटी बुडाली तशी मी ती हळूच काढून पुन्हा तरंगत सोडली. दोनदा सोडली. तुम्ही वेळेत आलात असेच दिसते आहे. सगुणेचा हेतू चांगला होता. त्या तीन महिन्यांत तिलाही त्या वाटीची काळजी लागली होती.

राणी आत गेली. वाटी पाण्यावर तरंगत होती. वल्लरी समोर उभी होती, आणि जिचे डोळे झोपेने कधी मिटत नाहीत तिच्यापासून काय लपणार होते? तिने विचारले, "आपण वेळेत आलात?"

किती सोपे होते हो म्हणणे. वाटी साक्षीला होती, दाई साक्षीला होती. राणी खाली बसली आणि म्हणाली, "नाही. मला दोन घटका उशीर झाला. नाव अडली होती. तू वाट पाहत राहिलीस आणि मी आले नाही."

 मुलीने घंगाळ उपडे केले. वाटी उचलून भिंतीवर मारली. आईच्या दंडाला ती कडकडून चावली, छातीवर मुठी मारू लागली, आणि मारता मारता तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो त्या राजवाड्यात दोनशे वर्षांत सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. ती रडत होती. मोठ्याने, नाक गळेपर्यंत, हुंदक्यांनी श्वास अडेपर्यंत. "का नाही आलीस," असे ती पुनःपुन्हा म्हणत होती, आणि आपण-तुम्ही कुठल्या कुठे गेले होते.

सगुणा पुढे धावली, मुलाला गप्प करायचे म्हणून. राणीने हाताने तिला थांबवले. दंडाला रक्त आले होते आणि राणीचा चेहरा सणासारखा उजळला होता. रडून रडून मुलगी दमली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतले राखाडी खडे धुऊन गेले होते. झोप मात्र आली नाही. ती तर रांजणात होती.

त्यानंतर चार महिने वल्लरीने आईला सुखाने जेवू दिले नाही. अंगाला चिकटून राही, कारण नसता हट्ट करी, उठली की पदर धरी. लोक म्हणू लागले, एवढे शहाणे मूल, राणीने बिघडवले. राणी म्हणे, बिघडू दे.

तिसरे काम तिने भीतीपोटी पुढे पुढे ढकलले. शेवटी सातव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले. तेव्हा तिने लेकीला जवळ घेऊन सांगितले, की उद्या सकाळी मी माझ्या आईकडे जाईन. रात्र तिथे राहीन. परवा सूर्य माथ्यावर येण्याआधी परत येईन.

"नाही आलीस तर?" मुलीने विचारले.

"तर तुझा राग खरा आणि चूक माझी."

वल्लरीने यावर बराच विचार केला. मग म्हणाली, "जा. पण ये."

राणी माहेरी गेली, आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि उजाडताच परतीला लागली. अर्ध्या वाटेवर, डोंगराच्या खिंडीत, तंद्रक उभा होता. आज तो जागा होता. दोन्ही हातांत त्याने काळा रांजण धरला होता.

"तुझे कष्ट पाहिले," तो गोड आवाजात म्हणाला. "मातीही नको. हा रांजण घेऊन जा. तुझ्या लेकीची झोप यात आहे. झाकण मात्र सूर्यास्ताला निघते. तेवढे थांब."

रांजणाच्या गळ्याशी काचेची चकती होती. राणीने आत पाहिले. पांढऱ्याशुभ्र पुंजक्यांचा ढीग मंद श्वास घेत होता. त्यातला एक लहानसा पुंजका तिने ओळखला. चाळीस दिवस तिने तो आपल्या कुशीत पाहिला होता.

श्रोतेहो, त्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. वाघिणीची गुहा, पाताळतळे, हे सगळे ज्यासाठी केले ते हाताच्या अंतरावर. न घ्यावे तर मुलगी जन्मभर झोपणार नाही. घ्यायला थांबावे तर मध्यान्ह टळणार.

राणी म्हणाली, "मी तिला दुपारचा शब्द दिला आहे."

आणि ती रांजणाला वळसा घालून चालू लागली. मग धावू लागली. मागून तंद्रकाने हाका मारल्या, थांबायची मुदत कमी करत अर्ध्या प्रहरावर आला, मग एका घटकेवर आला. तिने मागे पाहिले नाही.

इकडे दरबार भरला होता. वल्लरीला आसनावर बसवायला प्रधानजी पुढे झाले तेव्हा ती त्यांच्या बोटाला चावली, आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, माझी आई आल्याशिवाय मी कुठेच बसणार नाही. चौघांनी उचलायचा प्रयत्न केला, तर सगुणा आडवी उभी राहिली. सत्तर वर्षांची ती बाई राजाच्या प्रधानाला म्हणाली, की मूल वाट पाहते आहे, दिसत नाही का.

सावली पायांशी आली होती, अजून पायांखाली गेली नव्हती, तेव्हा राणी दारात पोचली. केस सुटलेले, पायांतून रक्त. ती पायरीवर बसली, कारण उभे राहवत नव्हते. वल्लरीने आधी वर सूर्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. आईच्या मांडीवर तिने डोके टेकले, हात तिच्या ओच्यात खुपसला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मला झोप येते."

भर दुपारी, भर दरबारात, तिचे डोळे मिटले.

खिंडीत तंद्रकाच्या हातातला रांजण तडकला. एका मुलाने आईच्या भरवशावर डोळे मिटल्यावर त्या रांजणाचा करार संपला होता. पांढरे पुंजके थव्यासारखे उठले. त्यांतले सहा थवे राजांच्या समाध्यांवर उतरले आणि तिथे पुष्कळ वर्षांनी शांत वाटू लागले. एक लहानसा पुंजका पायरीवर झोपलेल्या मुलीकडे गेला आणि एक थवा सिंहासनाकडे गेला. अरिमर्दनाच्या पापण्यांवरून खपल्या गळाव्यात तसा दगड गळाला. त्याने एकदा डोळे मिटले, उघडले, आणि बोटांनी पापणीला हात लावून पाहिला. हुजऱ्या झारी घेऊन वाकला तर राजाचे डोळे आधीच भरलेले होते. मग राजा सिंहासनावरच कलंडला आणि तीन दिवस झोपला. प्रधानजींनी परदेशच्या वकिलांना दबक्या आवाजात सांगितले, की महाराज झोपले आहेत, उद्या या. वकीलही जोडे हातात घेऊन बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी राजा उठला. कोणाला काही न विचारता तो बागेपलीकडच्या लहान महालाकडे चालत गेला. तिथे त्याची आई राहत होती. चाळीस वर्षे त्याने तिला सणांना सज्जात पाहिले होते, जवळून कधीच नाही. दारात उभा राहून त्याने विचारले, "मी आत येऊ का?"

म्हातारी निवडत होती ते तांदळाचे सूप खाली ठेवून म्हणाली, "हे दार मी कधी लावलेच नाही."

पुढे ती रीत मोडली. धात्रीमहालात आज धान्य साठवतात. दाया अजून आहेत, कारण राणीला राज्यही पाहायचे असते, पण दाई बदलायची झाली तर जुनी आणि नवी दोघी महिनाभर बरोबर राहतात, आणि जाणारी मुलाच्या डोळ्यांत पाहून निरोप घेते. मूल रडते. रडू देतात. सगुणा आता जोडवी वाजवत चालते. तंद्रक खिंडीत बसून आहे. उसनी झोप गेली आणि स्वतःची कधी कमावली नव्हती, म्हणून तो जागाच आहे.

आणि वल्लरी? लगेच सगळे गोड झाले असे सांगितले तर मी खोटा ठरेन. वर्षभर ती झोपेतून उठून आई आहे ना ते हाताने चाचपून पाही. मग आठवड्यातून एकदा पाही. मग एक दिवस पाहायला विसरली, आणि त्या दिवशी राणी ओट्यावर एकटी बसून किती तरी वेळ हसत होती.

तुम्ही म्हणाल, आम्हाला पोटासाठी बाहेर पडावेच लागते. पडा की. मीही आयुष्यभर गाड्या घेऊन फिरलो. जाण्याने मूल दगड होत नाही, न सांगता जाण्याने होते. तेव्हा माझी एकच विनंती आहे. घरातून निघताना लेकराला जी वेळ सांगाल ती मनात मांडून ठेवा, आणि परत आल्यावर त्याच्यासमोर उघडून दाखवा. वेळेत आलात तर आलात. चुकलात तर वाटी पुन्हा तरंगत सोडू नका, चुकलो म्हणा. लेकराशी असलेला तेवढा एक हिशेब खरा ठेवा.